पॉवर अ‍ॅनालायझरवर रेंज कशी निवडावी?

नऊ वॉटचा एक एलईडी बल्ब विद्युत शक्ती (पॉवर) मोजणाऱ्या पॉवर अ‍ॅनालायझरला जोडला, व्होल्टेजची रेंज, म्हणजे मापनाचा पल्ला, ६०० व्होल्ट आणि करंटची रेंज २० अँपिअर ठेवली, तर पडद्यावर ९ च्या जवळपासचा, दशांश चिन्हापुढेही अंक असलेला आकडा झळकेल. उपकरण महाग आहे, कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र ताजे आहे आणि आकडाही अपेक्षित तेवढाच आला आहे, त्यामुळे तो वहीत उतरवून पुढे जाण्याचा मोह होतो. पण त्याच उपकरणाच्या माहितीपुस्तिकेतील अचूकतेचे सूत्र वापरून हिशेब केला, तर या आकड्यातील संभाव्य चूक सहा वॉटपेक्षा जास्त निघू शकते. म्हणजे बल्ब तीन वॉटचा असला किंवा पंधरा वॉटचा असला, तरी उपकरणाने आपल्याला दिलेला शब्द मोडला असे म्हणता येणार नाही. उपकरणात कोणताही दोष नसताना केवळ रेंजच्या निवडीमुळे मापन निरुपयोगी कसे होते आणि ते टाळण्यासाठी कसा विचार करावा, हे या लेखात पाहू.

उदाहरणांसाठी एकच काल्पनिक अ‍ॅनालायझर धरू. त्यावर व्होल्टेजच्या १५, ३०, ६०, १५०, ३०० आणि ६०० व्होल्ट अशा रेंज आहेत, आणि करंटच्या रेंज ५ मिलिअँपिअरपासून २० अँपिअरपर्यंत १-२-५ या क्रमाने चढत जातात. टेबलावर ठेवण्याच्या बहुतेक सिंगल फेज अ‍ॅनालायझरवर साधारण असाच संच आढळतो. ५० हर्ट्झला त्याची अचूकता ‘रीडिंगच्या ०.१ टक्के अधिक रेंजच्या ०.०५ टक्के’ अशी दिलेली आहे असे मानू.

या सूत्राचे दोन्ही भाग वेगवेगळे समजून घ्यायला हवेत. पहिला भाग रीडिंगच्या प्रमाणात कमी-जास्त होतो, त्यामुळे ९ वॉटवर तो ०.००९ वॉट आहे आणि त्याची फारशी चिंता नाही. दुसरा भाग मात्र रीडिंग कितीही असले तरी बदलत नाही, कारण तो आपण निवडलेल्या रेंजवर ठरतो. पॉवरच्या बाबतीत ‘रेंज’ म्हणजे व्होल्टेजची रेंज गुणिले करंटची रेंज. ६०० गुणिले २० म्हणजे १२,००० वॉट, आणि त्याचे ०.०५ टक्के म्हणजे ६ वॉट. वरचा धक्कादायक आकडा आला तो येथून. आता व्होल्टेजची रेंज ३०० व्होल्ट आणि करंटची ५ अँपिअर केली, तर पॉवरची रेंज १,५०० वॉट होते आणि दुसरा भाग पाऊण वॉटवर येतो, म्हणजे नऊ वॉटच्या सुमारे आठ टक्के. करंटची रेंज २०० मिलिअँपिअर केली तर एकूण चूक सुमारे ०.०४ वॉट, आणि १०० मिलिअँपिअर केली तर ०.०२४ वॉट, म्हणजे पाव टक्क्याच्या किंचित वर. बल्ब, वायर आणि अ‍ॅनालायझर तेच असताना चुकीची मर्यादा अडीचशे पटींनी घटली.

रेंजचा हा भाग येतो कोठून, हे समजण्यासाठी उपकरणाच्या आत डोकावावे लागते. व्होल्टेज विभाजक रोधांमधून आणि करंट शंट नावाच्या लहान रोधातून जातो. त्यातून मिळणारा लहानसा संदेश अ‍ॅम्प्लिफायर योग्य तेवढा मोठा करतो आणि मग ए टू डी कन्व्हर्टर त्याचे सेकंदाला हजारो वेळा अंकांत रूपांतर करतो. प्रत्येक क्षणाचे व्होल्टेज आणि त्याच क्षणाचा करंट यांचा गुणाकार करून त्याची सरासरी काढली की मिळते ती पॉवर. रेंज बदलणे म्हणजे मुख्यतः या अ‍ॅम्प्लिफायरचे प्रवर्धन बदलणे. कन्व्हर्टर १६ बिटचा असेल तर त्याच्याकडे ६५,५३६ पायऱ्या असतात आणि त्या निवडलेल्या रेंजच्या संपूर्ण विस्तारावर पसरलेल्या असतात. २० अँपिअरच्या रेंजवर शिखर मूल्याची मर्यादा तिप्पट, म्हणजे उणे ६० ते अधिक ६० अँपिअर धरली, तर एक पायरी जवळजवळ १.८ मिलिअँपिअरची होते. आपल्या बल्बचा करंट मात्र, पॉवर फॅक्टर (खरी पॉवर भागिले व्होल्टेज-करंटचा गुणाकार) ०.५५ धरल्यास, अवघा ७१ मिलिअँपिअर आहे. अ‍ॅम्प्लिफायरचा शून्यबिंदू थोडा सरकलेला असणे, स्वतःचा गोंगाट असणे, तापमानाने त्यात फरक पडणे हे दोषही त्या मोठ्या विस्ताराच्या प्रमाणातच असतात. सरासरी काढल्याने काही भाग पुसला जातो, सगळा जात नाही. उत्पादक ज्याला ‘रेंजच्या अमुक टक्के’ म्हणतो, तो भाग म्हणजे या सर्वांचा एकत्रित हिशेब होय.

येथवर वाचून ‘मग सर्वांत लहान रेंज निवडावी’ असा निष्कर्ष निघतो आणि तो अर्धाच बरोबर आहे. रेंज लहान करत जाण्याला एक तळ आहे, आणि तो तळ आरएमएस आकड्यावर, म्हणजे लहरीच्या परिणामी मूल्यावर, ठरत नसून लहरीच्या शिखरावर ठरतो. मापनातले बहुतेक घोटाळे नेमके येथे होतात, कारण उपकरणाच्या पडद्यावर ठळक दिसतो तो आरएमएस आकडा आणि शिखर शोधावे लागते.

शिखर मूल्याला आरएमएस मूल्याने भागले की क्रेस्ट फॅक्टर मिळतो. शुद्ध साइन लहरीसाठी तो १.४१ असतो. घरातील २३० व्होल्टचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते ते यामुळेच. जुना तापतारेचा बल्ब किंवा गीझर साइन लहरीचाच करंट घेतो. एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, टीव्ही किंवा संगणकाचा पॉवर सप्लाय यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या दाराशी डायोडचा रेक्टिफायर आणि कपॅसिटर असतो, आणि कपॅसिटरमधील व्होल्टेजपेक्षा मेन्सचे व्होल्टेज वर चढते तेवढ्याच अल्प काळात करंट वाहतो. उरलेल्या वेळी तो जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे आरएमएस आकडा लहान आणि शिखर मात्र त्याच्या चार-पाच पट असे चित्र दिसते. भार जितका हलका, तितका हा काळ आखूड आणि शिखर टोकदार.

पाच वॉट घेणारा एक चार्जर पाहू. पॉवर फॅक्टर ०.५ असेल तर त्याचा करंट सुमारे ४३ मिलिअँपिअर येतो. ५० मिलिअँपिअरची रेंज त्याला अगदी मापात बसते असे वाटेल, कारण आकडा रेंजच्या ८६ टक्क्यांवर आहे आणि अचूकतेच्या सूत्रालाही हे आवडेल. पण क्रेस्ट फॅक्टर ५ असेल तर शिखर २१५ मिलिअँपिअरवर जाते आणि ५० च्या रेंजची शिखर मर्यादा आहे १५०. वरचा सगळा भाग कापला जातो. हे कापले जाणे विशेष महागात पडते, कारण या चार्जरचा करंट वाहतो तोच मुळी व्होल्टेज ३२५ व्होल्टच्या आसपास असताना. कापलेला प्रत्येक मिलिअँपिअर हा सर्वाधिक व्होल्टेजच्या क्षणाचा असल्यामुळे पॉवरचे रीडिंग थेट खाली येते. पडद्यावरचा आकडा मात्र स्थिर, नीटनेटका आणि पटण्याजोगा दिसतो. उपकरण कोपऱ्यात शिखराचा दिवा लावून इशारा देते, पण तो दिवा बघायची सवय नसेल तर चार्जर प्रत्यक्षापेक्षा जास्त कार्यक्षम ठरतो आणि कोणाला शंकाही येत नाही. येथे १०० मिलिअँपिअरची रेंज योग्य, कारण तिची शिखर मर्यादा ३०० आहे.

अनेक अ‍ॅनालायझरवर क्रेस्ट फॅक्टर ३ किंवा ६ निवडण्याची सोय असते आणि तिच्याबद्दल एक गैरसमज हटकून आढळतो. ६ निवडले की उपकरणाला दुप्पट उंच शिखर पेलण्याची जादा ताकद येते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात अशा बहुतेक उपकरणांत आतील मंडल तेच राहते आणि रेंजचे नाव तेवढे निम्मे होते: क्रेस्ट फॅक्टर ३ ची ३०० व्होल्टची रेंज आणि ६ ची १५० व्होल्टची रेंज या दोन्हींची शिखर मर्यादा ९०० व्होल्टच असते. अचूकताही त्याच दुप्पट रेंजची धरावी लागते. त्यामुळे ६ निवडून काही फुकट पदरात पडत नाही. सोय इतकीच की ऑटो रेंज (उपकरणाने रेंज स्वतः निवडणे) आणि आरएमएसच्या मर्यादा टोकदार लहरीला साजेशा होतात.

आता निवडीचा क्रम. व्होल्टेजचा प्रश्न तुलनेने लवकर सुटतो. २३० व्होल्टच्या मेन्ससाठी १५० ची रेंज शिखराच्या हिशेबाने चालली असती, कारण तिची शिखर मर्यादा ४५० व्होल्ट आहे, पण आरएमएस मूल्यही साधारणपणे रेंजच्या १३० टक्क्यांपर्यंतच चालते आणि १५० च्या १३० टक्के म्हणजे १९५ व्होल्ट. म्हणून ३०० व्होल्टची रेंज. रात्री भार उतरल्यावर व्होल्टेज २५० च्या वर गेले तरी ती पुरते. करंटसाठी मात्र मोठ्या रेंजपासून सुरुवात करावी, मोजायचा भार चालू होऊन स्थिर झाला की एकेक पायरी खाली यावे, आणि प्रत्येक पायरीवर आरएमएस न पाहता शिखर मूल्याचा आकडा पाहावा. बहुतेक अ‍ॅनालायझर तो स्वतंत्रपणे दाखवतात. लहरीचे चित्र पाहण्याची सोय असेल तर त्याहून उत्तम, कारण सपाट झालेला माथा डोळ्यांना लगेच दिसतो.

शंका उरली तर एक चाचणी कधीही करता येते आणि ती मला कोणत्याही नियमापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते. तोच भार शेजारच्या दोन रेंजवर मोजावा. दोन रीडिंगमधील फरक त्या दोन रेंजच्या चुकांच्या बेरजेत बसत असेल तर लहान रेंजचे रीडिंग स्वीकारावे. लहान रेंजचे रीडिंग त्याहून जास्त खाली असेल तर तेथे शिखर कापले जात आहे. वरच्या चार्जरला ५०, १०० आणि २०० मिलिअँपिअरवर मोजले, तर १०० आणि २०० चे एकमत होईल आणि ५० वेगळे पडेल.

मोठ्या रेंजपासून सुरुवात करण्याचे कारण केवळ रीडिंगचे नाही. कपॅसिटर रिकामा असताना स्विच नेमका व्होल्टेजच्या शिखराजवळ दाबला गेला, तर संगणकाच्या पॉवर सप्लायमधून पहिल्या अर्ध्या आवर्तनात काही दशक अँपिअर वाहून जाऊ शकतात. इंडक्शन मोटर सुरू होताना पूर्ण भाराच्या पाच ते सात पट करंट घेते. लहान करंटच्या रेंजसाठी काही उपकरणांत वेगळा, जास्त रोधाचा शंट असतो. तो अर्ध्या ओहमचा असेल आणि त्यातून क्षणभर दहा अँपिअर गेले तर त्यात पन्नास वॉट उष्णता निर्माण होते. उलट काही उपकरणांत सर्व रेंजसाठी एकच शंट असतो आणि रेंज मोठी केली म्हणून त्याला कसलेही संरक्षण मिळत नाही. कमाल अनुज्ञेय इनपुट ही रेंजपेक्षा वेगळी गोष्ट आहे आणि ती पुस्तिकेत वेगळ्या ओळीत लिहिलेली असते. मोटरच्या चाचणीत करंटच्या टर्मिनलना समांतर एक दणकट स्विच लावून तो सुरुवातीला बंद, म्हणजे शॉर्ट ठेवतात आणि मोटर वेगात आल्यावर उघडतात. जुनी युक्ती आहे, पण अजून तितकीच उपयोगी.

हा सगळा खटाटोप ऑटो रेंजवर सोपवता येत नाही का? स्थिर भारासाठी येतो आणि पहिला अंदाज घेण्यासाठी ती सोय खरोखर चांगली आहे. साधारणपणे आरएमएस मूल्य रेंजच्या १३० टक्क्यांवर गेले किंवा शिखराची मर्यादा ओलांडली की उपकरण वरच्या रेंजवर जाते, आणि ३० टक्क्यांच्या आसपास उतरले की खाली येते. पण रेंज बदलत असताना काही क्षणांचे मापन वाया जाते. तापमान राखण्यासाठी सतत चालू-बंद होणारी इंडक्शन शेगडी, कपडे दोन्ही दिशांनी फिरवणारे धुलाई यंत्र किंवा ब्रेक लावताना बॅटरीत करंट परत पाठवणारी विजेची दुचाकी यांच्यासारख्या भारांवर उपकरण रेंजच्या मागे धावत राहते आणि नेमके बदलाचे क्षण निसटतात. माझ्या मते अंतिम नोंदीचे रीडिंग ठरावीक रेंजवरच घ्यावे.

ऊर्जा मोजताना, म्हणजे वॉट-तासांची बेरीज करताना, यात एक सापळा आहे. बेरीज सुरू झाली की पुष्कळ उपकरणे त्या क्षणाची रेंज कुलूपबंद करतात. फ्रिजची चोवीस तासांची चाचणी कॉम्प्रेसर बंद असताना सुरू केली आणि उपकरण ऑटो रेंजवर असेल, तर ते त्या वेळच्या दोन-तीन वॉटच्या भारासाठी लहान रेंज निवडून बसते आणि दहा मिनिटांनी कॉम्प्रेसर सुरू झाला की सगळी बेरीज फसते. म्हणून रेंज आधी ठरवावी लागते, आणि कोणती ठरवावी हा हिशेब मनोरंजक आहे. समजा जुन्या पद्धतीच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर चालताना १०० वॉट घेतो, करंट पाऊण अँपिअरच्या आत आहे, सुरू होताना मात्र अर्धा सेकंद आठ अँपिअर लागतात आणि फ्रिज दिवसाला सुमारे एक युनिट वीज घेतो. सुरुवातीचे शिखर ११ अँपिअरच्या वर असल्याने ५ अँपिअरची रेंज लागते, जिची शिखर मर्यादा १५ आहे. तिच्यावर रेंजची चूक पाऊण वॉट, म्हणजे चोवीस तासांत १८ वॉट-तास. २ अँपिअरच्या रेंजवर हीच चूक ७ वॉट-तासांच्या आसपास येते, पण सुरुवातीचे शिखर ६ अँपिअरवर कापले जाते. आता प्रत्येक सुरुवातीची ऊर्जा काढली तर ती वॉट-तासाच्या पाचव्या भागाइतकीही भरत नाही. दिवसात चोवीस वेळा कॉम्प्रेसर सुरू झाला तरी कापल्या गेलेल्या भागाचे नुकसान दोन-तीन वॉट-तासांपुढे जात नाही. म्हणजे येथे शिखर कापू देणे परवडते. चाचणीच्या नियमावलीत शिखराचा इशारा येणे मुळीच मान्य नसेल तर अर्थातच ५ अँपिअर. पण स्वतःच्या समाधानासाठी मोजत असाल तर शिखराचा नियमही हिशेब करूनच पाळावा, डोळे मिटून नव्हे.

स्टँडबाय पॉवरच्या मापनात रेंजची कसोटी सर्वांत कठोर होते. मोबाईल काढून घेतल्यावर भिंतीला तसाच लटकणारा चार्जर समजा ०.०५ वॉट घेतो. त्याच्या आत मेन्सच्या दोन तारांमध्ये गोंगाट रोखणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर ५० हर्ट्झ आणि २३० व्होल्टला त्यातूनच ७.२ मिलिअँपिअर वाहतात. हा करंट व्होल्टेजच्या जवळजवळ ९० अंश पुढे असल्याने वीज खर्च होत नाही, पण अ‍ॅनालायझरला रेंज निवडावी लागते ती या करंटसाठी. एकूण करंट साडेसात मिलिअँपिअर धरला तर पॉवर फॅक्टर ०.०३ च्या आसपास येतो. ३०० व्होल्ट आणि १० मिलिअँपिअर या जोडीवर पॉवरची रेंज ३ वॉट आणि तिची चूक दीड मिलिवॉट, हे ठीक आहे. अर्ध्या अँपिअरच्या रेंजवर मात्र चूक ७५ मिलिवॉट, म्हणजे मोजायच्या पॉवरच्या दीडपट. आणि २ अँपिअरच्या रेंजवर आणखी एक गंमत होऊ शकते. रेंजच्या अर्ध्या टक्क्याखालील करंट काही उपकरणे सरळ शून्य धरतात आणि साडेसात मिलिअँपिअर हा २ अँपिअरचा ०.३७५ टक्के आहे, त्यामुळे पडद्यावर शून्य वॉट येतात. ‘आमच्या यंत्राचा स्टँडबाय शून्य’ असा दावा कोणी केला तर रेंज कोणती होती हे आधी विचारावे.

या पातळीवर व्होल्टेजची तार कोठे जोडली हेही तितकेच महत्त्वाचे ठरते. अ‍ॅनालायझरच्या व्होल्टेज इनपुटचा रोध २ मेगाओहम असेल तर २३० व्होल्टवर त्यात स्वतःचेच २६ मिलिवॉट खर्च होतात. ती तार करंट टर्मिनलच्या पुढे, भाराच्या बाजूला जोडली तर हे २६ मिलिवॉट चार्जरच्या खात्यावर पडतात आणि ५० चे ७६ होतात. म्हणून लहान करंटला व्होल्टेजची तार मेन्सच्या बाजूला जोडतात. गीझरसारख्या मोठ्या करंटला उलट करतात, कारण तेथे शंटमधील व्होल्टेजची घट भाराच्या हिशेबात येऊ द्यायची नसते. स्टँडबाय मापनाचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२३०१ याच अडचणी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहे. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत क्रेस्ट फॅक्टरला पॉवर फॅक्टरने भागून येणारे गुणोत्तर विचारात घेतले आहे आणि ते दहापेक्षा जास्त असेल तर जास्त अनिश्चितता चालवून घेतली आहे. आपल्या चार्जरच्या करंटचा क्रेस्ट फॅक्टर ३ धरला तरी हे गुणोत्तर शंभराच्या घरात जाते.

इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोटरकडे वळलो की करंटऐवजी व्होल्टेज त्रास देते. ४१५ व्होल्टच्या थ्री फेज पुरवठ्यावरील अशा इन्व्हर्टरच्या, म्हणजे ड्राइव्हच्या, आत डीसी बस (एसीपासून बनवलेला डीसी पुरवठा) सुमारे ५८५ व्होल्टची असते आणि मोटरला मिळतात ते याच उंचीचे स्पंद. वेग कमी करून ५ हर्ट्झवर आणला तर मूळ लहरीचे व्होल्टेज ४० च्या आसपास येते, पण स्पंदांची उंची ५८५ च राहते, त्यांची रुंदी फक्त बदलते. पडद्यावर मूळ लहरीचा ४० हा आकडा पाहून कोणी ६० व्होल्टची रेंज निवडली तर तिच्या १८० व्होल्टच्या शिखर मर्यादेवर जवळजवळ प्रत्येक स्पंद कापला जाईल. शिवाय ड्राइव्हपासून मोटरपर्यंतची केबल लांब असेल तर परावर्तनामुळे मोटरच्या टोकाशी शिखर डीसी बसच्या दुप्पट होऊ शकते, म्हणजे ३०० व्होल्टच्या रेंजची ९०० ची मर्यादाही अपुरी पडून ६०० ची रेंज घ्यावी लागते. हे मापन करताना उपकरणातील लाइन फिल्टर (उच्च वारंवारता गाळणारा भाग) आधी बंद ठेवून शिखर पाहावे, कारण फिल्टरनंतरची लहर गुळगुळीत दिसते आणि त्याआधीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काय कापले गेले ते झाकले जाते.

ज्यांनी तंत्रनिकेतनात ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट केली आहे, त्यांना एलपीएफ, म्हणजे कमी पॉवर फॅक्टरसाठीचा, वॉटमीटर आठवत असेल. ३०० व्होल्ट आणि ५ अँपिअरच्या साध्या वॉटमीटरची पट्टी १,५०० वॉटची, पण ०.२ पॉवर फॅक्टरसाठी बनवलेल्या एलपीएफ मीटरची ३०० वॉटची, त्यामुळे लहान पॉवरलाही काटा चांगला हलत असे. अंकीय अ‍ॅनालायझरकडे अशी वेगळी पट्टी नसते. पॉवर फॅक्टर कमी असला तरी पॉवरची रेंज व्होल्टेज आणि करंटच्या गुणाकाराएवढीच राहते आणि हे विशेषतः दोन वॉटमीटर पद्धतीत, म्हणजे थ्री फेज पॉवर दोन मापन घटकांच्या रीडिंगची बेरीज करून काढताना, भोवते. पाच अश्वशक्तीची मोटर रिकामी फिरताना ४१५ व्होल्टवर ३.२ अँपिअर घेते आणि पॉवर फॅक्टर ०.१२ आहे असे समजू. एक घटक सुमारे अधिक ७९७ वॉट दाखवील, दुसरा उणे ५२१, आणि बेरीज २७६ वॉट. चुका मात्र चिन्ह पाहून वजा होतील याची खात्री नसते, त्यामुळे त्या बेरजेनेच धराव्या लागतात. ६०० व्होल्ट आणि ५ अँपिअरवर रेंजची चूक प्रत्येकी दीड वॉट म्हणजे एकूण ३ वॉट येते, तर २० अँपिअरवर एकूण १२ वॉट, म्हणजे मोजलेल्या पॉवरच्या चार टक्क्यांहून जास्त. याशिवाय व्होल्टेज आणि करंट यांच्या मार्गांतील किंचित कालफरकामुळे कमी पॉवर फॅक्टरला एक वेगळी चूक येते, जी पुस्तिकेत आभासी पॉवरच्या (व्होल्टेज गुणिले करंट) टक्केवारीत दिलेली असते. रेंज बदलून ती कमी होत नाही.

करंट अ‍ॅनालायझरच्या क्षमतेपलीकडचा असेल तर सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) किंवा वायरभोवती बसणारा क्लॅम्प येतो आणि रेंज निवडीला आणखी एक मजला चढतो. ६०० अँपिअरच्या क्लॅम्पने ३ अँपिअर मोजताना अ‍ॅनालायझरची रेंज कितीही लहान केली तरी क्लॅम्पची स्वतःची चूक तशीच राहते, कारण तो स्वतः आपल्या क्षमतेच्या अर्ध्या टक्क्यावर काम करत असतो आणि तेथे त्याचा कलाफरकही वाढलेला असतो. लहान क्लॅम्प हाताशी नसेल तर भाराची वायर क्लॅम्पच्या जबड्यातून दहा वेळा फिरवून घ्यावी. त्याला ३० अँपिअर दिसतात आणि अ‍ॅनालायझरमध्ये गुणक दहावा हिस्सा करून टाकता येतो. ५ अँपिअर दुय्यमाचा सीटी वापरत असाल तर भार चालू असताना अ‍ॅनालायझरची तार काढण्यापूर्वी सीटीचे दुय्यम शॉर्ट करावे, कारण उघड्या दुय्यमावर जीवघेणे व्होल्टेज येते.

चाचणीच्या नोंदवहीत वॉटच्या आकड्याशेजारी व्होल्टेजची रेंज, करंटची रेंज, क्रेस्ट फॅक्टरची निवड, फिल्टर चालू होता की बंद आणि व्होल्टेजची तार कोणत्या बाजूला होती, एवढे पाच रकाने ठेवले, तर सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणालाही त्या रीडिंगची चूक पुस्तिका उघडून काढता येते. केवळ ‘९.०२ वॉट’ लिहिले असेल, तर बल्ब पुन्हा जोडून मोजावा लागतो.